उबेची फरशी

"ही माणसं मारायची तयारी आहे, आणि ती तुम्ही चालवली आहे," असं म्हणत वायरमनने काळा पडलेला सॉकेट समितीच्या टेबलावर आपटला.

सॉकेटची एक कड वितळून खाली ओघळली होती. तो चहाच्या कपांमधून घरंगळत गेला आणि अध्यक्षांच्या चष्म्याच्या डबीला टेकून थांबला. अध्यक्षांनी डबी उचलून मांडीवर घेतली. सॉकेटला कोणी हात लावला नाही.

"हळू हो," सचिव म्हणाले. "टेबलाची काच नवीन आहे."

"चार महिन्यांत हा तिसरा. पहिला पिवळा पडला, दुसरा तपकिरी, हा काळा. चौथ्याचा रंग बघायचाय का तुम्हाला?"

"प्रत्येक वेळी बदलून दिला ना आम्ही?"

"डोकं दुखतंय म्हणून टोपी बदलून दिलीत!"

समितीची खोली म्हणजे जिन्याखालचा कोंदट चौकोन. भिंतीवर नियमांची यादी टांगलेली होती आणि तिच्यात नववा नियम असा होता, की खिडकीतून वायर सोडू नये, इमारतीच्या शोभेला बाधा येते. बाहेरच्या भिंतींचा रंग पापुद्र्यापापुद्र्याने गळत होता, गच्चीची टाकी दोन वर्षं पाझरत होती, पण शोभा मात्र नवव्या नियमाच्या कुलपात सुरक्षित होती.

वायरमनच्या लेकीने विजेवर चालणारी गाडी घेतली त्याला आठ महिने झाले होते. गाडी येण्याआधीच तिने अर्ज दिला होता. गाडीसाठी वेगळं मीटर, तिथून तळघरापर्यंत वेगळी जाड वायर. सगळं ती स्वतः करून घेणार होती, समितीने फक्त सही करायची होती. अर्ज विचाराधीन राहिला. विचाराधीन म्हणजे एका फायलीवर दुसरी फाइल ठेवायची आणि दुसरीवर चहाचा कप. मधल्या काळात सोय म्हणून समितीने काय केलं, तर तळघरात एक बल्ब लोंबत होता, त्याच्याच लाइनीवर जाड पिनांचा सॉकेट ठोकून दिला आणि सभेत त्याबद्दल टाळ्या घेतल्या.

"बल्बची लाइन आहे ती," वायरमन म्हणाला. "एका बल्बची. एमसीबीचा खटका पडत नाही म्हणून तुम्ही निवांत बसलात. अहो, तो पडेल कशाला? आतला सांधा तापतोय, त्याचं एमसीबीला काय कळणार? कुठल्यातरी पेटीत वायरीला वायर पिळून टेप मारलेली असणार, तो पीळ सैल पडलाय. सॉकेट बिचारा नुसता ताप दाखवतोय."

"पण वायरमनसाहेब," अध्यक्षांनी 'साहेब' जरा लांबवला, "या इमारतीचं वायरिंग तुम्हीच केलंत ना? जिन्यात तुम्हीच सांगत असता सगळ्यांना."

"वरचे सहा मजले माझे. तळघर मुकादमाच्या माणसांचं. मी तळघराला हात लावलेला नाही."

"म्हणजे वरची हमी तुमची?"

"लिहून घ्या. सव्वीस वर्षं झाली. एकेका मजल्यावर चाळीस-पन्नास सांधे आहेत. एक तरी बोलला का आजवर?"

सचिवांनी वही ओढली आणि लिहून घेतलं. काय लिहिलं ते वायरमनने वाकून पाहिलं नाही.

"मग त्या तळघरवाल्याला शोधा," अध्यक्ष हसले. "सापडला तर आमच्यातर्फे चहा पाजा."

"शोधणारच. आणि नोटीस बोर्डावर नाव लावणार. त्याचं आणि तुमचं, शेजारीशेजारी."

त्याच संध्याकाळी त्याने बोर्डावर कागद लावला. तो डावखुरा होता, लिहिताना हाताची कड ओल्या शाईवरून फिरायची, त्यामुळे त्याची अक्षरं नेहमी एका अंगाने पुसल्यासारखी दिसत. 'तळघराच्या लाइनीचा सांधा ज्याने केला त्याचं नाव तीन दिवसांत जाहीर करा. या लाइनीच्या डोक्यावर पाळणाघर आहे. उत्तर लेखी हवं.' खाली सही. सहीखाली हुद्दा म्हणून त्याने 'वायरमन' लिहिलं. निवृत्त हा शब्द त्याला आवडत नसे.

हात डावा असल्याचं त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. काम शिकवणारे मिस्त्री म्हणायचे, "तुझ्या सांध्यावर नाव लिहायची गरज नाही रे. सगळं जग उजवीकडे पिळतं, तुझा पीळ डावीकडे जातो. कोणी सोडवायला गेला तर आणखी घट्ट करून ठेवील!" ही गोष्ट तो नातीलाही सांगायचा. नातीला ती कळायची नाही, पण 'आणखी घट्ट' या शब्दांना ती दर वेळी खदखदून हसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला लेक ड्यूटीवरून आली. ती नर्स होती, गावाबाहेरच्या इस्पितळात, कायम रात्रपाळीला. जावई बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनदा उगवणार. दारात चपला काढायच्या आधीच वायरमनने विचारलं,

"किती?"

"एकोणीस."

घरात हल्ली हाच पहिला प्रश्न होता. आजारी माणसाचा ताप विचारावा तशी गाडीची टक्केवारी विचारली जाई, आणि आकड्यावरून दिवस कसा जाणार ते ठरे.

"आज लावू नकोस," तो म्हणाला. "मी लाइन बघतो आधी."

"बाबा, एकोणीसवर मी जाईन. येणार कशी?"

"वाटेत तो चार्जिंगचा पंप आहे ना?"

"तीन गन आहेत तिथे. एकीचा पडदा मेलाय, एकीचा खटका तुटलाय, तिसरीपुढे टॅक्सीवाले पत्ते खेळत बसलेत. आपला नंबर येईपर्यंत माझ्या वॉर्डातले पेशंट घरी जातील बरे होऊन." ती हसली, पण डोळे मिटत होते. "इन्चार्जबाईंनी सांगितलंय, आणखी एकदा उशीर झाला तर पाळी दुसरीला. मला नोकरी हवीय, बाबा. सहाला निघायचंय."

गाडी घ्यायचं त्यानेच डोक्यात भरवलं होतं. संध्याकाळी त्या रस्त्याला वाहन मिळत नव्हतं. एकदा ती साडेचार किलोमीटर चालत गेली होती, चपला हातात घेऊन. विजेची गाडी घे, तो म्हणाला होता, वीज आपल्या घरची आहे.

शेवटी त्याने स्वतःच्या पेटीतला चांगला सॉकेट काढून तळघरात बसवला. लेकीने गाडीच्या पडद्यावर बोट फिरवून विजेची ओढ सगळ्यात कमी केली, गन अडकवली, बॉनेटवर हात टेकून क्षणभर उभी राहिली आणि झोपायला वर गेली. नातीला, म्हणजे भिंगरीला, तिने जाता जाता पाळणाघरात सोडलं.

वायरमन स्टूल घेऊन सॉकेटपाशी बसला. दर पाच मिनिटांनी तो डाव्या हाताची उलटी बाजू प्लेटला लावी. तळवा लावायचा नाही, हे पहिल्या दिवशी शिकवलं जातं. वीज चावली तर तळवा मिटतो आणि धरून ठेवतो, उलटा हात आपोआप सुटतो.

प्लेट गार होती. सॉकेट चांगला होता. तरीही तीन-साडेतीन तासांनी वास आला. शिळ्या माशांसारखा, बारीक, नाकात शिरून बसणारा. तळघरात मासे कुठले? वायरीचं आवरण तापलं की असा वास सुटतो. तो उठला आणि वासाच्या मागे नाक वर करून चालत राहिला. वायर भिंतीतून वर चढून छतात शिरत होती आणि छताच्या मधोमध रंग फासलेलं एक लोखंडी झाकण होतं. तिथे वास सगळ्यात जास्त होता.

फ्रिज दम घेतो. पाण्याचा पंप दम घेतो. इस्त्रीसुद्धा मधेच टिक करून थांबते. सव्वीस काय, चाळीस वर्षांत त्याने ज्या ज्या यंत्राला वीज दिली होती ते यंत्र कधी ना कधी श्वास सोडायचं, आणि त्या वेळात वायर निवायची. ही गाडी सकाळी नऊला तोंड लावायची ती संध्याकाळपर्यंत एकसारखी ओढत राहायची. न चढता, न उतरता.

शिडी आणायला तो वर निघाला. पाळणाघर जिन्याला लागूनच, तळमजल्यावर. दार उघडं होतं आणि आत दुपारची झोप चालली होती. पाळणाघरातल्या ताई दारात बसून कुणाचं तरी बटण शिवत होत्या.

"काका, जरा बघा तरी," त्या कुजबुजत हसल्या. "पाच गाद्या घातल्यात, पण सगळी पोरं त्या एका कोपऱ्यात. कुत्र्याच्या पिल्लांसारखी."

खरंच होतं. खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात पाच मुलं एकमेकांत पाय गुंतवून उघड्या फरशीवर पडली होती. भिंगरी जागीच होती. आजोबांना पाहून तिने फरशीवर तळवा थोपटला.

"आजोबा, इथे या. ही उबेची फरशी आहे."

"ऊन येत असेल," तो म्हणाला. मग त्याने खिडकीकडे पाहिलं. त्या बाजूला ऊन येणं शक्य नव्हतं.

"रोज नसते पण," भिंगरी म्हणाली. "मंगळवारी गार असते. आई घरी असते ना, त्या दिवशी."

मंगळवार लेकीच्या सुट्टीचा. मंगळवारी गाडी चार्जिंगला लावत नसत.

तो गुडघ्यांवर बसला आणि उलटा हात फरशीला लावला. हात त्याने जरा जास्तच वेळ तिथे ठेवला असावा, कारण ताईंनी सुई थांबवली.

"काय झालं हो?"

"मुलांना उठवा."

"आत्ता? आत्ताच तर डोळा लागलाय..."

"उठवा, ताई. इथून बाहेर काढा. ज्यांनी तो सॉकेट ठोकला ना, त्यांना या फरशीवर झोपवायला पाहिजे, सगळ्या समितीला, ओळीने."

ताईंनी पुढचं विचारलं नाही. बोर्डावरचा कागद त्यांनी वाचला होता. एकेकाला खांद्यावर घेत त्या म्हणाल्या, "दुसऱ्या मजल्यावरचं घर रिकामं आहे, किल्ली माझ्याकडेच असते. तिथे नेते. वरचं तर तुमच्या हातचं आहे ना?"

"हो, वरचं माझं. न्या तुम्ही," तो म्हणाला आणि खाली धावला.

तळघराचा खटका त्याने पाडला. गाडीचा हिरवा दिवा विझला. एकतीस टक्के झाले होते. छताखाली शिडी लावून तो चढला तरी झाकणाला हात लावायची सोय नव्हती, इतकं ते तापलेलं. निवायला तास गेला. स्क्रूंवर रंगाचे तीन थर होते, ते खरवडण्यात आणखी तास. टॉर्च दातांत धरून तो शेवटचा स्क्रू फिरवत असताना लेक खाली आली. डोळे झोपेने सुजलेले.

"बाबा, बंद का आहे ही? अलार्म लावून उठले तर एकतीस!"

त्याने पक्कडीने छताकडे खूण केली.

"बरं, बघा तुम्ही. मी सचिवांना विचारून येते काही होतंय का," ती म्हणाली. दहा मिनिटांनी ती परत आली तेव्हा चेहरा उजळला होता. "परवानगी मिळाली! कागदच लावताहेत ते बोर्डावर. मी गाडी अंगणात घेते."

कसली परवानगी, हे विचारायला त्याने टॉर्च तोंडातून काढेपर्यंत गाडी आवाज न करता उतार चढून गेली होती. या गाड्या जाताना कळतसुद्धा नाहीत.

झाकण निघालं. आत टेपचा कोळसा झाला होता, बोट लावताच बिस्किटासारखा चुरला. त्याखाली सांधा. एक वायर ॲल्युमिनियमची, पांढरट भुकटी धरलेली. दुसरी तांब्याची, काळीहिरवी. दोन्ही एकमेकींभोवती पिळलेल्या.

"गाढव," तो त्या न पाहिलेल्या माणसाला म्हणाला. "ॲल्युमिनियमला तांबं जोडतोस? कोणी शिकवलं रे तुला?"

त्याने पक्कडीत सांधा धरला आणि सोडवायला डावीकडे फिरवला, कुठलाही सांधा सोडवायला फिरवावा तसा.

सांधा आणखी घट्ट झाला.

वायरमन थांबला. टॉर्चच्या उजेडात वरून थोडी काळी भुकटी त्याच्या पापण्यांवर पडली, ती त्याने पुसली नाही. मग त्याने पक्कड उजवीकडे फिरवली. एक वेढा सुटला, दुसरा सुटला. शिडीवरून उतरायला पाऊल खाली टाकून त्याने ते पुन्हा वर घेतलं.

सव्वीस वर्षांपूर्वी, कामाचा शेवटचा दिवस होता तो. तपासणी करणारा अधिकारी गच्चीवर पोचला होता आणि मुकादम जिन्यातून ओरडत होता, "अरे, एक बल्ब तेवढा पेटव! साहेबांना तळघर काय काडी ओढून दाखवू?" मुकादमाची माणसं आदल्या दिवशीच निघून गेली होती. वायर हातभर कमी पडत होती. पिशवीत तांब्याचा तुकडा होता. पाच मिनिटांचं काम. तात्पुरतं आहे, नंतर बघू, असं तो म्हणाला होता, कुणाला ते आता आठवत नव्हतं.

या दोन धातूंचं एकमेकांशी पटत नाही. तापले की निरनिराळे फुगतात, निवले की निरनिराळे आकसतात, आणि पीळ दरवेळी केसभर सैल होतो. तेव्हा हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. काही वर्षांनी कळलं, तेव्हापासून नव्या कामांत त्याने तसं जोडणं सोडलं. जुन्या कामांकडे तो परत गेला नाही. कोण जातं?

तळघरात हा एकच सांधा होता. वर मात्र बिल्डरने जिन्यातून चढणाऱ्या मोठ्या वायरी ॲल्युमिनियमच्या दिल्या होत्या आणि घरांतल्या तांब्याच्या. प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक घराच्या तोंडाशी, त्या त्यानेच जोडल्या होत्या. नीट, सावकाश, शीळ वाजवत.

त्याने सांधा दोन्ही बाजूंनी कापला आणि खिशात टाकला.

जिना चढून तो वर आला तेव्हा बोर्डाशी सचिव उभे होते, हातात टाचण्यांची डबी. वायरमनच्या कागदाखाली नवा, टाइप केलेला कागद लागला होता.

"या, या! तुमचीच वाट बघत होतो. तुम्ही आम्हाला शिव्या घालता, पण बघा, तुमचा शब्द आम्ही कागदावर घेतला."

'इमारतीच्या वरच्या सहा मजल्यांच्या वायरिंगची हमी वायरमन यांनी समितीसमोर दिली असल्याने तळघरातील सॉकेट आजपासून बंद करण्यात येत आहे. गाडीधारकांनी वरच्या घरांतून वायर खाली सोडून गाड्या चार्ज कराव्यात. नियम क्रमांक नऊ शिथिल. वेगळ्या मीटरच्या अर्जाची आता गरज न राहिल्याने तो निकाली काढण्यात येत आहे.'

"पाचव्या मजल्यावरचे पण उद्या गाडी आणताहेत," सचिव म्हणाले. "तिसऱ्यावाल्यांनी बुकिंग केलंय. आता काय, वरून सोडायच्या वायरी! तुम्ही आहात म्हटल्यावर..."

वायरमनने वाक्य पुरं ऐकलं नाही. दाराबाहेर अंगणात लेकीची गाडी उभी होती. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक जाड नारिंगी वायर भिंतीवरून खाली आली होती आणि गाडीचा हिरवा दिवा लागत होता, विझत होता, लागत होता.

"आपल्या घरून वायर पुरेना, ताईंनी तिथून सोडून दिली. पूर्ण ओढीवर टाकलीय," लेक आनंदाने ओरडली. "सहापर्यंत साठ होतील!"

चौसष्ट वर्षांचा माणूस चढू नये तसा तो जिना चढला. दुसऱ्या मजल्यावरचं दार लोटलेलं होतं. रिकाम्या खोलीत गाद्या पसरल्या होत्या आणि मुलं पुन्हा झोपली होती, या वेळी आपापल्या जागी. नारिंगी वायर त्यांच्या उशांजवळून स्वयंपाकघरात गेली होती. भिंगरी तेवढी जागी होती. भिंतीला गाल लावून ती इंच इंच पुढे सरकत होती, ऊब शोधत.

त्याने स्वयंपाकघरात जाऊन बटण बंद केलं. पिन उपटली.

"बाबा!" खालून आवाज आला. "कोणी बंद केली? का?"

ताई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. हातात अजून सुई होती.

"काका, सापडला का तो? कोण होता?"

वायरमनचा डावा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला.

"बाबा! सहाला निघायचंय मला! का बंद केलीत, सांगा!"

खालच्या जिन्यात सचिवांच्या चपला वाजत होत्या. ताईंनी एकदा त्याच्या खिशाकडे पाहिलं, एकदा मागे वळून मुलांकडे. मग आवाज उतरवून, मुलं उठू नयेत म्हणून, त्या म्हणाल्या,

"वरचं तर तुमचं आहे ना, काका? इथे भीती नाही ना? अहो, बोला ना."